विश्लेषण : फोटो धूसर येतोय, दोष कॅमेऱ्याचा की लेन्सचा? नवी बॉडी घेण्याआधी काय तपासावे?

गणपती तोंडावर आले, कासच्या पठारावर फुले दिसू लागली, की कपाटात पडून असलेला डीएसएलआर बाहेर निघतो. बॅटरी चार्ज होते, वीस-पंचवीस फोटो काढले जातात आणि लक्षात येते की त्यातला एकही धड नाही. आरतीच्या फोटोत सगळे चेहरे हललेले, आकाशात काळसर डाग, कधी फोकसच लागत नाही. घरात निष्कर्ष एकच निघतो, 'कॅमेरा जुना झाला, आता नवा घ्यायला हवा.' मग चाळीस-पन्नास हजारांची नवी बॉडी येते, तिच्यावर जुनीच लेन्स चढते आणि आरतीचा फोटो पुन्हा तसाच येतो.

फोटो बिघडण्याची कारणे चार ठिकाणी असू शकतात : सेटिंग, लेन्स, साठवणूक आणि बॉडी. हौशी छायाचित्रकार पैसे खर्च करताना सुरुवात बॉडीपासून करतो. तपासणी मात्र नेमकी उलट दिशेने व्हायला हवी, आणि तिला फारसा खर्चही येत नाही.

दोष कुठे आहे, हे घरी कसे ओळखायचे?

आजचे वर्तमानपत्र भिंतीवर सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. लेन्सवरचे स्टॅबिलायझेशन बंद करा, ॲपर्चर एफ/८ ठेवा आणि दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो काढा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिल्यावर मधली बारीक अक्षरे स्वच्छ वाचता येत असतील, तर बॉडी आणि लेन्स दोन्ही ठणठणीत असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी दोष हातात धरून काढलेल्या फोटोच्या शटर स्पीडमध्ये शोधावा.

हात हलण्याचा हिशेब जुनाच आहे. लेन्सची फोकल लेंग्थ जितकी, साधारण त्याच्या व्यस्त प्रमाणात शटर स्पीड हवा. बहुतेक हौशी कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा लहान सेन्सर असतो, त्यामुळे त्यात कॅननसाठी १.६ने आणि निकॉन, सोनीसाठी १.५ने गुणायचे. म्हणजे कॅननवर २५० मिमीला भिगवणचा फ्लेमिंगो टिपायचा तर १/४०० सेकंद हवा. स्टॅबिलायझेशनमुळे हाताची थरथर झाकली जाते, पण समोरचा माणूस हलला तर ते काही करू शकत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या माणसांसाठी किमान १/१२५ आणि धावत्या मुलांसाठी त्याहून अधिक वेग लागतो. ट्यूबलाइटच्या उजेडात ऑटो मोडवरचा कॅमेरा १/१५ वा १/३० निवडतो आणि बोल मात्र लेन्सला बसतो.

वर्तमानपत्राचा फोटोही धूसर आला तर पुढची पायरी. आता ॲपर्चर पूर्ण उघडा आणि एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, तर दुसरा लाइव्ह व्ह्यूवर फोकस करून काढा. डीएसएलआरमध्ये या दोन्हींसाठी वेगळ्या यंत्रणा असतात. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना आरशामार्फत काही प्रकाश बॉडीच्या तळाशी असलेल्या वेगळ्या फोकस-सेन्सरकडे जातो. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचललेला असतो आणि फोटो घेणाऱ्या सेन्सरवरूनच फोकस ठरतो. लाइव्ह व्ह्यूचा फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचा धूसर आला, तर या दोन यंत्रणांचा मेळ बिघडला आहे. फोकस ठरलेल्या जागेच्या थोडा पुढे किंवा मागे पडतो आहे. कॅनन ७०डी, ८०डी किंवा निकॉनच्या डी७००० मालिकेतील बॉडीत हे मेन्यूतून जुळवता येते. कॅनन १५००डी, निकॉन डी३५००, डी५६०० या सुरुवातीच्या श्रेणीत ती सोय नाही. त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. तोवर स्थिर विषयांसाठी लाइव्ह व्ह्यू वापरला तर काम भागते.

दोन्ही फोटो धूसर असतील तर मित्राची त्याच कंपनीची, त्याच माउंटची लेन्स लावून पाहावी. फोटो सुधारला तर दोष आपल्या लेन्सचा. या एका अदलाबदलीने जितके कळते, तितके इंटरनेटवरच्या दहा व्हिडीओंतून कळत नाही.

काही तक्रारी तर बिघाडच नसतात. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळे पुसट दिसते पण फोटो स्वच्छ येतो, म्हणजे बॅगेत घासून त्याच्या शेजारची डायॉप्टरची छोटी चकती फिरली आहे. फोकसची मोटर आवाजच करत नाही, म्हणजे अनेकदा लेन्सवरचा बटणखटका 'एएफ'वरून 'एमएफ'वर सरकलेला असतो. कार्डावर काही साठत नाही, म्हणजे एसडी कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी खाली गेलेली असते. दुरुस्तीच्या दुकानाचा जिना चढण्याआधी या तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

आकाशातले काळे डाग कशाचे?

प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसणारा, कडा पुसट असलेला करडा ठिपका हा सेन्सरवरच्या धुळीचा असतो. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा कण असा उमटत नाही. खात्री करायची तर एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. ॲपर्चर लहान केले की डाग गडद होतात आणि एफ/२.८ला दिसेनासे होतात. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरच्या खालच्या भागात असतो.

यासाठी आधी कॅमेऱ्याचे स्वयंचलित सेन्सर क्लीनिंग दोन-तीनदा चालवावे. त्याने भागले नाही तर बॅटरी पूर्ण चार्ज करून मेन्यूतून आरसा वर उचलावा, कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करावे आणि रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकर अजिबात मारू नये, थुंकीचा बारीकसा शिंतोडाही धुळीपेक्षा हट्टी असतो. दाबाखालच्या हवेचा डबाही नको, त्यातून द्रव बाहेर येऊ शकतो. फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारे आणि फोटोत न येणारे कण निरुपद्रवी आहेत. ते पुसण्याच्या नादात आरशावर कापड फिरवले तर ओरखडा कायमचा राहील, कारण डीएसएलआरच्या आरशाचा चकचकीत थर काचेच्या मागे नसून वरच्या बाजूला असतो.

धूळ आत जाते ती लेन्स बदलताना. विसर्जन मिरवणुकीत तर हा प्रश्न गुलालामुळे आणखी बिकट होतो. झूम करताना लांब होणारी किट लेन्स पंपासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही जातो. मिरवणुकीत लेन्स बदलू नये, शक्यतो एकाच लेन्सवर निभावावे आणि घरी आल्यावर आधी ब्लोअर व मऊ ब्रश वापरावा. ओल्या कापडाने पुसल्यास गुलालाचा चिखल होऊन तो फटींत बसतो.

पडद्यावर 'एरर' दिसला तर?

कॅननवर 'एरर ०१' आला, तर त्याचा अर्थ बॉडी आणि लेन्स यांचा संवाद तुटला आहे. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि तिच्या मागचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या, स्वच्छ, मऊ कापडाने पुसावेत. त्यानंतरही संदेश येत असेल, विशेषतः ठरावीक झूमवरच येत असेल, तर लेन्सच्या आतली पातळ फितीसारखी केबल तुटत आली असण्याची शक्यता असते. झूमच्या प्रत्येक फेरीत ती वाकते. 'एरर ०२' हा मेमरी कार्डाचा असतो. निकॉनवर 'एफ'पुढे दोन आडव्या रेघा दिसल्या तर लेन्स नीट बसलेली नाही किंवा संपर्क होत नाही. 'एफईई' दिसले तर घाबरू नये. जुन्या 'डी' प्रकारच्या लेन्सवरची ॲपर्चरची कडी सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे एफ/१६ किंवा एफ/२२वर फिरवून तिथेच अडकवायची असते, तेवढे राहून गेलेले असते.

लेन्सचा खरा शत्रू : पावसाळा

मुंबई आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरायला आर्द्रता बराच काळ ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली तरी पुरते. त्यात अंधार आणि कोंदट हवा. कॅमेऱ्याची बॅग या तिन्ही गोष्टी पुरवते. तिच्यातला फोम आणि कापड ओल धरून ठेवते, म्हणून जी बॅग प्रवासात लेन्स वाचवते, तीच चार महिने कपाटात राहिली की लेन्सला घातक ठरते. जून ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत बंद ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय म्हणावी लागेल.

बुरशी पाहायची पद्धत अशी. लेन्स काढून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा मारावा आणि पुढून पाहावे. कॅननची ईएफ लेन्स बॉडीवरून काढल्यावर ॲपर्चर उघडेच राहते. निकॉनच्या बहुतेक एफ माउंट लेन्समध्ये ते मिटते, त्यामुळे मागची छोटी पट्टी हलकेच सरकवून ते उघडावे लागते. सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये ती असते आणि फोटोवर तिचा परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, फाटे फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी. संपूर्ण काचेवर वाफेसारखा पातळ पडदा दिसत असेल, तर फोटोतला काळा रंग करडा दिसू लागतो आणि उजेडासमोर काढलेला फोटो पांढरट पडतो.

सुरुवातीची बुरशी जाणकार कारागीर लेन्स खोलून साफ करू शकतो. ती जुनी असेल तर तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि बुरशी पुसली तरी तिची नक्षी मागे राहते. मागच्या, म्हणजे सेन्सरच्या जवळच्या काचेवरची बुरशी अधिक नडते. उन्हात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण कडक उन्हात तासन्‌तास ठेवलेल्या लेन्समधले ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरू शकते. तिथे दुसरेच दुखणे सुरू होते.

उपाय महागडा नाही. ड्राय कॅबिनेट उत्तम, पण एक बॉडी आणि दोन लेन्स असलेल्यांना स्वयंपाकघरातला मोठा हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवावी. ती ३० टक्क्यांच्या खाली नेण्याची गरज नाही, अति कोरड्या हवेत वंगण आणि रबर सुकते. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले तर ते केव्हा ओले झाले हे कळते. निळे दाणे गुलाबी होतात. तापवले की ते पुन्हा कामाला येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाच्या भांड्यात ते तापवू नयेत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याने फायदा होत नाही, उलट तांदळाची पूड आत शिरते. आणि बंद करून ठेवण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी.

मालवण-अलिबागला एसी खोलीतून थेट किनाऱ्यावर कॅमेरा नेला की काचेवर दव जमते. ते पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच ठेवावा, म्हणजे तो हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो. तोवर लेन्स बदलायची नाही. बाहेर जमलेले दव आत जमले तर पुसता येत नाही.

खर्च करायचाच असेल तर बॉडीवर की लेन्सवर?

साध्या १८-५५ मिमी किट लेन्सचे ॲपर्चर झूम पूर्ण केल्यावर एफ/५.६पेक्षा अधिक उघडत नाही. त्याऐवजी ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावली तर सेन्सरवर जवळजवळ साडेनऊ पट प्रकाश पडतो. आरतीचा जो फोटो आयएसओ ६४००वर दाणेदार यायचा, तोच त्याच शटर स्पीडने सुमारे ६५०वर काढता येतो. कॅननची ही लेन्स नवी घेतली तरी १० हजार रुपयांच्या आसपास येते. एवढा फरक पाडणारी बॉडी त्या किमतीत मिळत नाही, आणि पन्नास हजारांतही मिळेलच असे नाही. एक अडचण मात्र आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स ७५-८० मिमीसारखी 'जवळ' दाखवते, त्यामुळे लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते. घरातल्या कार्यक्रमांसाठी निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स अधिक सोयीची आहे.

मेगापिक्सेलच्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. ए-३ आकाराचा, ३०० डीपीआयचा दर्जेदार प्रिंट काढायला सुमारे १७.५ मेगापिक्सेल लागतात. डी३५०० किंवा १५००डी यांच्याकडे २४ आहेत. आणि बहुतेक फोटो शेवटी व्हॉट्सॲपवरच जातात.

बॉडी बदलण्याला अर्थ येतो तो वेगळ्या कारणांनी. उडत्या पक्ष्यांवर फोकस टिकत नाही, व्हिडीओत चेहऱ्यावरचा फोकस सुटतो, पावसात काम करायचे आहे आणि बॉडीला सील नाहीत. यातली अडचण रोज जाणवत असेल तर बॉडी घ्यावी. पक्ष्यांच्या बाबतीतही आधी लेन्स पुरेशी लांब आहे का, हे पाहावे.

जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतोय, घ्यावा का?

२०२०नंतर कॅनन आणि निकॉन यांनी डीएसएलआरची नवी बॉडी बाजारात आणलेली नाही. दोन्ही कंपन्यांचा भर मिररलेसवर आहे. अनेक व्यावसायिकांनी आपले जुने संच विकायला काढले आणि मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारापासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत सेकंडहँड डीएसएलआर मुबलक दिसू लागले. शिकणाऱ्यासाठी हा सौदा चांगला आहे, पण लेन्स आणि बॉडी एकमेकांना लागतात का, हे आधी तपासले तरच.

कॅननचा ईएफ माउंट १९८७चा आहे. ईएफ-एस लेन्स २००३मध्ये लहान सेन्सरसाठी आल्या. ईएफ लेन्स एपीएस-सी डीएसएलआरवर बसते, पण ईएफ-एस लेन्स फुलफ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. पुढे फुलफ्रेमवर जायचे मनात असेल तर हे आजच लक्षात घ्यावे. निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा, त्यामुळे जुन्या लेन्स बसतात बहुतेक सगळ्या; फोकस मात्र सगळ्यांचा होत नाही. डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर ५० मिमी एफ/१.८ 'डी' लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो. या बॉडींसाठी 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असे लिहिलेली लेन्स हवी. उलट डी९०, डी३१०० अशा जुन्या बॉडीवर 'एएफ-पी' लेन्स चालत नाही. विकणारा 'निकॉनची निकॉनला लागतेच' म्हणाला तर तो अर्धेच खरे सांगतो आहे.

शटर किती वेळा उघडले, हा आकडा निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच नोंदलेला असतो आणि मोफत सॉफ्टवेअरने वाचता येतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलमध्ये तो फोटोत नोंदला जात नाही. डी३५०० आणि डी५६०० यांचे शटर १ लाख वेळांसाठी तपासलेले आहे. ही मुदत संपली म्हणजे शटर बंदच पडते असे नाही, पण लग्नाच्या कामात वापरलेली बॉडी आणि घरगुती वापरातली बॉडी एकाच किमतीला घेऊ नये. पैसे देण्याआधी आपले कार्ड घालून एफ/१६वर भिंतीचा फोटो, टॉर्चने लेन्सची तपासणी, प्रत्येक बटण, फ्लॅश आणि दोन्ही टोकांपर्यंत झूम, एवढे दुकानातच करून पाहावे. बिलावरचा आणि बॉडीखालचा क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. बिल नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

मिररलेसकडे जायचे असेल तर जुन्या लेन्स फुकट जात नाहीत. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे दोन्ही माउंट २०१८चे. आरसा नसल्याने सेन्सर लेन्सच्या जवळ आला. कॅननमध्ये हे अंतर ४४ मिमीवरून २० मिमी झाले, निकॉनमध्ये ४६.५वरून १६. उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. कॅननच्या अडॅप्टरवर ईएफ आणि ईएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून 'डी' लेन्स तिथेही हातानेच फिरवावी लागते. उलटा प्रवास शक्य नाही. आरएफ किंवा झेड लेन्स डीएसएलआरवर बसत नाही, त्यामुळे 'आधी नवी लेन्स, मग बॉडी' हा बेत इथे चालणार नाही.

दुरुस्ती कधी करावी?

किट लेन्सची केबल तुटली असेल तर दुरुस्तीचा अंदाज आणि तीच लेन्स सेकंडहँड घेण्याची किंमत यांची तुलना करावी. नव्या कॅमेऱ्यांबरोबर आलेल्या किट लेन्स लोक न वापरताच विकतात, त्यामुळे दुसरी घेणे बऱ्याचदा स्वस्त पडते. चांगल्या झूम किंवा मॅक्रो लेन्समधली बुरशी सुरुवातीची असेल तर मात्र पावसाळा संपण्याची वाट न पाहता ती साफ करून घ्यावी. दुकानात देताना लेन्सचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, काचांचे फोटो काढून ठेवावेत आणि खोलण्याआधी खर्चाचा आकडा लेखी मागावा. परत घेताना तीच वर्तमानपत्राची चाचणी काउंटरवरच करावी. उघडलेल्या लेन्सच्या काचा किंचित तिरप्या बसल्या असतील, तर पानाची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी धूसर दिसेल.